माझ्या जागेवर आलेला व्हाईस

परवा सात रस्त्याजवळच्या एका हार्डवेअरच्या दुकानातून मी माझ्या जागेवर बसणारा निवडून आणला... आणि रिक्षात माझ्याच शेजारी बसवून घरी आणला!

सांगते. आमचं वेल्डिंगचं छोटं वर्कशॉप आहे. आमचे हे, म्हणजे मल्लिनाथ, वेल्डिंग मारतात आणि मी पाईप धरते. लग्न झाल्यापासून धरतेय. "फिरव... थांब... हलू नको की!" एवढंच आमचं दिवसभराचं बोलणं.

वेल्डिंग मलाही येतं हो. गेट, ग्रिल मीच मारते. पण पाण्याच्या लाईनचा जोड, जो गळला तर चार लोकांत लाज जाते, तो एकदा तरी आपण मारायचा असं फार मनात होतं. ते कधी जमलंच नाही, कारण मी वेल्डिंगचा होल्डर हातात घेतला तर पाईप कोण धरणार? ह्यांना एकदा धरायला लावलं होतं... लगेच हात भरून आले त्यांचे.

त्यात होटगीजवळच्या एका शेतात विहिरीवरून लोखंडी लाईन टाकायचं काम आलं. मग ठरलं, व्हाईस घ्यायचा. म्हणजे पाईप आवळून धरणारं यंत्र, उचलून साइटवर नेता येईल असं.

दुकानातले चाचा सगळं ह्यांनाच दाखवत होते. चार पायांचा, टेबलासारखा, चांगला दणकट. "ये देखो, हत्ती बसला तरी हलनार नाय."

हे म्हणाले, "मला काय विचारालाव चाचा? पाईप ती धरती. तिलाच विचारा की."

मी पिशवीतून पाईपचा तुकडा काढला. मॅचिंग ब्लाऊजपीस घ्यायला साडी नेतो ना, तसा घरूनच नेला होता. चाचा आधी हसले... मग एकेक व्हाईस माझ्यापुढे सरकवायला लागले.

चार पायांचा दुकानातल्या फरशीवर छान उभा होता, पण शेतातल्या ढेकळांत त्याचा एक पाय नक्की अधांतरी राहणार. मला तीन पायांचाच हवा होता. दुसरा एक बघितला, तर त्याचा जबडा आवळायला दोन्ही हात लागत होते. जोड मारताना पाईप सारखा सैल करायचा, फिरवायचा, परत आवळायचा... हे ह्यांना कुठून माहीत असणार? त्यांनी आजवर नुसतं "फिरव" म्हटलंय, फिरवलाय मी!

शेवटी साखळीचा व्हाईस पसंत पडला. पाईप बारीक असो की जाड, साखळी वरून टाकायची आणि एका हाताने दांडा आवळायचा. मी तुकडा दोन्ही हातांनी पिरगाळून बघितला, जरासुद्धा हलला नाही. माझी सवत मीच पसंत केली म्हणा ना!

होटगीला शेतात व्हाईस उभा केला. वेल्डिंग मशीनच्या अर्थिंगचा चिमटा थेट पाईपला लावला, वेल्डिंगची काळी काच तोंडावर घेतली आणि मी बसले. हे सवयीने पाईप धरायला पुढे आले. "सोडा ओ," म्हटलं, "तो धरतोय."

जोड झाला की शेजारी खडूने अक्षर लिहायची ह्यांना सवय आहे. पूर्वी मोठ्या साइटवर होते तेव्हाची... गळला तर कुणाचा ते कळावं म्हणून. त्या दिवशी सगळीकडे 'म' होता आणि एका जोडापाशी 'सु'. मी सुवर्णा.

लाईन बसवून झाली. शेताचे मालक, त्यांना आम्ही मामा म्हणतो, त्यांनी मोटार चालू केली. पाणी जोरात आलं... आणि माझ्या जोडाजवळची माती ओली दिसायला लागली. मी धावतच तिकडे गेले.

"बाईनं मारलेलाच गळायलाय की!" मामा म्हणाले.

हे खाली वाकले. माझ्या जोडावरून बोट फिरवलं, मग शेजारच्या जोडावरून. उभे राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले, "मामा, 'सु' कोरडा हाय. गळायलाय ते माझं हाय."

मोटार बंद केली, पाईप पुसून काढला. मी काच त्यांच्या पुढे धरली. त्यांनी ती परत माझ्याकडेच सरकवली. "तूच मार. आज तुझा हात बसलाय."

मारला. पाईप निवला, मोटार परत चालू झाली... एक थेंब नाही! मी आनंदाने ओरडले. खरंच ओरडले, विहिरीतली कबुतरं उडून गेली.

ह्यांचे आभार घरी मानले की ते नुसतं "हूं" म्हणतात, म्हणून इथे मानतेय. त्या दुरुस्त केलेल्या जोडाचा फोटो खाली टाकलाय, झूम करून बघा. 'म' पाण्याने पुसट झालाय, पण त्याच्या शेजारचा नवा 'सु' नीट वाचता येतो. तो ह्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलाय.