आपोआप मिटणाऱ्या तक्रारी

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. बाबा रांझीच्या फॅक्टरीत कामगार. माझी पदवी त्यांनी फ्रेम करून टीव्हीच्या वर लावली आहे आणि वीजबिल द्यायला आलेल्यालाही ते ती दाखवतात. मला त्याची लाज वाटत नाही. मेहनतीने मिळवलेली आहे.

त्यामुळे ऑफिसात माझ्यावर चोर असल्यासारखा संशय आला, तेव्हा मी आतून पेटले.

आमचं ऑफिस या हिंदी बोलणाऱ्या शहरातल्या दुकानांचे, दवाखान्यांचे, शाळांचे कॉम्प्युटर सांभाळतं. आमच्याकडे दोन सॉफ्टवेअर होती. एक दूरवरच्या मशीनवर नजर ठेवायचं. नेट गेलं, डिस्क भरली, की लाल खूण. दुसऱ्यात तक्रारी नोंदवायच्या. एका तक्रारीला आम्ही तिकीट म्हणतो. लाल खूण पाहून हाताने तिकीट लिहायचं काम आमचं. सरांनी मला ही दोन्ही एकमेकांना जोडायला सांगितली, म्हणजे खूण दिसली की तिकीट आपोआप उघडेल आणि मशीन सुधारली की आपोआप बंद होईल. मी जोडली. पहिलं तिकीट आपलं आपण उघडलं तेव्हा मी खुर्चीत उड्या मारायचीच बाकी होते.

पण आम्ही दोघं तेव्हा कच्चे, म्हणजे तात्पुरत्या नोकरीवर होतो, मी आणि शेजारच्या टेबलावरचा एक मुलगा. मी त्याला भैया म्हणायची. पक्की जागा एकच. सर सगळ्यांसमोर बोलून गेले होते, "जो ज़्यादा टिकट निपटाएगा, वही रुकेगा."

आणि माझ्या नावावर तिकिटं धडाधड मिटायला लागली. सगळी एकाच मशीनची. कमानिया गेटमागच्या गल्लीत लग्नपत्रिका छापणारी एक प्रेस आहे, तिथली; ती प्रेस माझ्या वाट्याची, म्हणून तिची तिकिटं माझ्याच नावावर पडायची. संपर्क तुटला, तिकीट उघडलं. संपर्क आला, तिकीट बंद. दिवसातून कितीदा तरी.

सरांनी केबिनमध्ये बोलावलं. "बेटा, ये मशीन दिन भर मरती है और ज़िंदा होती है. हर बार तुम्हारे ही नाम पर. खुद खोलती हो, खुद बंद करती हो?"

"सर, अपने आप हो रहा है."

"अपने आप तो भूत करता है."

मी प्रेसवाल्या काकांना फोन केला. ते म्हणाले, "नाही जी, सगळं बरोबर आहे. मशीन मस्त चालून राहिली." झालं. मशीन मस्त चालते, मग तिकिटं कोण उघडतं? मी भैयाकडे पाहायला लागले. माझ्यावर आळ आला तर फायदा त्याचाच होता. तो येता-जाता माझ्या टेबलाशी वाकायचा, "दीदी, सेंचुरी मारोगी क्या?" मी पासवर्ड बदलला. स्क्रीन भिंतीकडे वळवली. चहाला जाताना लॅपटॉप काखेत घ्यायला लागले.

"लैपटॉप को भी चाय पिलाओगी?" तो म्हणाला.

"हो, त्यालाही तल्लफ येते," मी म्हटलं. त्याला मराठी कळत नव्हतं, पण तो हसला, आणि त्या हसण्याचाही मला संशय आला.

शेवटी स्कूटी काढली आणि न कळवता प्रेसवर गेले. काकांचं घराणं मूळचं अमरावतीकडचं. माझं मराठी ऐकून त्यांनी स्टूल पुढे केलं. "काहून आली व पोरी? बिघडलं काय? बस. हे लोक होऊ दे."

समोर एक कुटुंब बसलं होतं, मुलीचे आईवडील आणि मामा. पत्रिकेचा मजकूर तपासायला आले होते. काका टेबलाखाली वाकले, कॉम्प्युटरची नेटची वायर उपटली आणि हातात धरून त्यांना दाखवली. "पाहा, काढली. आता आपण अन् गणपती." मग स्क्रीनवर पत्रिका उघडली.

माझ्या पर्समध्ये फोन वाजला. तिकीट उघडलं होतं.

मामांनी एका नावाची वेलांटी बदलायला लावली, आई दोनदा सगळं वाचून घेऊन उठली. ते गेल्यावर काकांनी वायर परत खोचली. फोन पुन्हा वाजला. तिकीट बंद.

मला हसू येईना. "काका, हे काहून करता?"

"काहून म्हणजे? पत्रिका पहिले गणपतीपुढे ठेवायची असते. त्याच्या आधी तुमच्या ऑफिसातल्या पोरांनी पाहायची?"

"आम्ही कुठे पाहतो?"

"नाही पाहत? मागे एकदा माझा हात माउसवर नव्हता अन् बाण आपला आपला फिरून राहिला होता. पत्रिका समोर उघडी. मुलीची आई बाजूला. बाई उठूनच गेली." ते पुढे झुकले. "तुमच्या साहेबाला इचारलं तर म्हणे, सिर्फ मशीन की तबियत दिखती है. तू शिकलेली पोरगी आहे. खरं सांग. दिसते का नाही?"

तबियतीचं ते वाक्य आम्हा सगळ्यांकडून पाठ करून घेतलेलं होतं. तेच म्हटलं असतं तर मी सुटले असते. खरं सांगितलं आणि काकांनी सॉफ्टवेअर काढायला लावलं, तर ग्राहक गेला माझ्यामुळे. मग कसली पक्की जागा.

"दिसते काका," मी म्हटलं. "आम्ही इथली स्क्रीन उघडली तर दिसते."

काकांनी खिशातून मोबाइल काढला. मग माझ्यासमोरच सरांना फोन लावला, स्पीकरवर. "आपकी लड़की ने सच बोला. आप काहे को झूठ बोले?"

सर अडखळले. मीच मध्ये बोलले, की एक सोय आहे, आम्ही कधी चालू केलेली नाही. ती चालू केली तर स्क्रीन पाहण्याआधी काकांना विचारणारी खिडकी येईल; त्यांनी हो म्हटल्याशिवाय काही दिसणार नाही. सर म्हणाले, "कर दो." मी तिथेच बसून ती चालू केली. संपर्क तुटल्यावर तिकीट लगेच न उघडता थोडं थांबेल, असंही करून टाकलं. काका म्हणाले, "बरं केलं. पण वायर तर मी काढीनच."

ऑफिसात परतले ती नोकरी गेली असं धरूनच. सरांनी दार लोटायला सांगितलं. मग म्हणाले, ग्राहक टिकला, जागा माझी. भैयाला पुढच्या जागेची वाट पाहावी लागणार.

माझा विश्वास बसेना. "और वो टिकट, सर?"

"अरे, मुझे पता था तुम नहीं कर रही. हफ्ते भर से तुम्हारी स्क्रीन देख रहा था." ते मोकळेपणाने हसले. "तुम तो घर की लड़की हो."

मी थँक्यू म्हटलं आणि बाहेर आले. आठवडाभर मी त्या लॅपटॉपवर काय काय उघडलं होतं ते आठवत बसले. आईच्या सोनोग्राफीचा रिपोर्ट. दुसऱ्या कंपनीत केलेला नोकरीचा अर्ज. आणि स्क्रीन मी भैयापासून लपवायला भिंतीकडे वळवली होती.

संध्याकाळी घरी जाण्याआधी मशीनच्या यादीत माझा लॅपटॉप शोधला आणि तीच खिडकी त्याच्यावरही चालू केली.

पुढच्याच आठवड्यात ती उघडली. स्क्रीन पाहायची परवानगी मागितली जात आहे. हो, की नाही. मी नाही दाबलं, उठले आणि केबिनचं दार वाजवलं.

"सर, कुछ देखना था? पूछ लीजिए. मैं यहीं हूँ."

ते फोनवर बोलत असल्यासारखं करत होते. मी दारातच उभी राहिले.