टेबलावर ठेवलेला कार्बोरेटर

अजूनही कोणी जुन्या गाड्यांचा विषय काढला की मला आधी थकवा येतो. लोकांना वाटतं, छंद म्हणजे मजा. त्यांनी एकदा गंजलेला एक नट सोडवण्यात तीन रविवार घालवावेत, मग बोलावं.

ऐंशी सालानंतरची ही गोष्ट. मी तेव्हा ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होतो आणि वाशीच्या नव्या वसाहतीत दोन खोल्यांत राहत होतो. आम्ही चौघे जुन्या गाड्यांच्या नादी लागलेले. एक बँकेतले अधिकारी, निवृत्तीला टेकलेले. एक सीटा शिवणारे मास्तर, पनवेलहून एसटीने यायचे. एक मी, चौघांत लहान, म्हणजे पंचेचाळिशीचा. आणि चौथे आमचे फोरमन, रेल्वेच्या वर्कशॉपातून रिटायर झालेले, आम्हा सगळ्यांचे गुरू. बोनकोडे गावात एका आगरी कुटुंबाच्या घरामागे पत्र्याची शेड होती. पूर्वी तिथे पेंढा ठेवत. जमिनी सरकारने घेतल्या, शेती गेली, पेंढाही गेला, आणि शेड आमच्या वाट्याला आली. भाडं असं काही नव्हतं. घरमालकांची मोटारसायकल आम्ही चालू ठेवायची, एवढाच करार.

जागा गाड्यांसाठी अगदी नालायक होती. खाडीचा खारा वारा थेट आत यायचा. आज घासून पांढरा केलेला पत्रा पुढच्या रविवारी तांबूस होऊन बसलेला असे. आम्ही पुन्हा घासायचो. घरमालक जाता-येता विचारायचे, "गारी कवा चालनार हाय तुमची?" आम्ही म्हणायचो, दिवाळीला. कोणत्या दिवाळीला, ते सांगत नसू.

तोवर आम्हीही काही नवे राहिलो नव्हतो. बँकवाल्यांना साखर होती, मास्तरांचा गुडघा वाकत नव्हता. गाडीखाली घुसणं एक वेळ जमे, बाहेर येताना मात्र दोघांनी पाय धरून ओढावं लागायचं. अर्धा वेळ चष्मे शोधण्यात जाई आणि उरलेला चहात. तरी रविवार चुकवायची कोणाची छाती नव्हती. फोरमन नुसते बघत. ते पुरेसं होतं.

शेडच्या मधोमध एक लाकडी टेबल होतं आणि त्या टेबलाचा एक नियम होता. कोणत्याही गाडीला कोणताही भाग लावण्याआधी तो त्या टेबलावर ठेवायचा. चौघांनी बघायचा. एकाने जरी 'नाही' म्हटलं, तरी तो भाग लागणार नाही. कारण विचारायचं नाही, वाद घालायचा नाही. गाडी ज्या कंपनीने जशी काढली तशीच उभी राहिली पाहिजे, नाहीतर ती दुरुस्ती झाली, जीर्णोद्धार नव्हे, असं फोरमनचं म्हणणं. नियम त्यांचाच.

या नियमाचा पहिला दणका मलाच बसला होता. माझ्याकडे तेव्हा एका जुन्या मोटारीचा सांगाडा होता, त्याला गाडी म्हणणं हे माझ्या बायकोला कधीच पटलं नाही. दोन महिने कुर्ल्याचे भंगारवाले पालथे घालून मी हेडलाइटची एक जोडी मिळवली. अगदी हुबेहूब होती. टेबलावर ठेवली. फोरमननी लांबूनच एक नजर टाकली, म्हणाले, "नाही," आणि पुन्हा कानस चालवायला लागले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. पंचेचाळीस वर्षांच्या माणसाला हेडलाइटसाठी रडू यावं, याचीही लाज वाटली. मी जोडी पिशवीत घातली आणि घरी गेलो.

आता फोरमनच्या गाडीविषयी. आयुष्यभर या माणसाने दुसऱ्यांच्या गाड्या उभ्या केल्या. सुट्टीच्या दिवशी लोकांच्या गॅरेजमध्ये जाऊन इंजिनं खोलली, बसवली, आवाज लावून दिला, आणि मालक किल्ली फिरवून निघून गेला की हे हात पुसत बस स्टॉपवर. रिटायर झाल्यावर त्यांनी तीसच्या दशकातली एक उघडी इंग्रजी मोटार भंगाराच्या भावात घेतली. आर.सी. बुकावर त्यांचं नाव असलेली ही पहिली गाडी. ते पुस्तक ते प्लास्टिकच्या पिशवीत घालून जवळ बाळगायचे.

चार वर्षांत गाडी जवळजवळ पुरी झाली. मास्तरांनी सीटा शिवल्या, बँकवाल्यांनी लाकडी चौकट जुळवली, मी वायरिंगची रेखाटनं काढून दिली. उरला फक्त कार्बोरेटर, ज्याच्याशिवाय इंजिनाला पेट्रोल पोचत नाही. मूळचा होता तो ओतीव जस्ताचा. त्या धातूला वयाबरोबर आतून भेगा पडतात आणि त्या कशानेच भरत नाहीत. आम्ही सगळे उपाय करून पाहिले.

त्याच सुमारास एका रविवारी, चहा पिता पिता, फोरमननी सांगितलं की डोळ्यांत काचबिंदू निघाला आहे. कडेचं दिसेनासं झालंय. गेलेलं परत येणार नाही. डॉक्टर म्हणाले, वर्षभर रस्त्यापुरतं दिसेल, पुढचं सांगता येत नाही. मग कप खाली ठेवून म्हणाले, "तेवढ्यात एकदा ही गाडी मला स्वतः चालवायची आहे. पनवेलपर्यंत जायचं आणि परत यायचं. बास." आम्ही तिघांनी माना हलवल्या. चालवणारच, असं काहीतरी बोललो.

त्यानंतर साधारण दीड महिन्याने ते वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आले आणि टेबलावर ठेवून उघडलं. अँबॅसिडरचा कार्बोरेटर होता. त्याच्यासोबत अल्युमिनियमची एक जाड प्लेट. अँबॅसिडरचा कार्बोरेटर त्या इंजिनावर थेट बसत नाही, भोकं जुळत नाहीत. ती जुळवायला ही मधली प्लेट त्यांनी घरी बनवली होती. दोन्ही मिळून अर्ध्या तासात बसली असती. त्याच संध्याकाळी गाडी रस्त्यावर आली असती.

ते टेबलाशी हात मागे बांधून उभे राहिले. नियम त्यांनी केलेला, मोडा असं ते कसे म्हणणार? आम्हीच 'नाही' म्हणायचं टाळलं असतं की झालं असतं. बँकवाले आणि मास्तर मूग गिळून बसले. मी मात्र बसल्या जागेवरून म्हणालो, "नाही."

का म्हणालो? तेव्हा स्वतःला सांगितलं, तत्त्व म्हणून. चार वर्षांचं काम, शेवटच्या पायरीवर ठिगळ कशाला? यांनीच शिकवलं ना हे? आता खोटं कशाला बोलू, त्यात त्या हेडलाइटचा वचपाही होता. फार नाही, थोडा. पण होता.

फोरमननी वर्तमानपत्र पुन्हा गुंडाळलं. म्हणाले, ठीक आहे, शोधू या मूळचा.

आम्ही शोधला. देवाशपथ, हात धुऊन मागे लागलो. बँकवाल्यांनी विलायतेला पत्रं लिहिली. मास्तरांनी कोल्हापूरच्या पाहुण्यांना कामाला लावलं. मी दर शुक्रवारी अर्धी रजा टाकून चोरबाजारात जायचो. ओळखीच्या छंदिष्टांना लिहावं, तर कोणाचा मुलगा उत्तर देई की बाबा आता अंथरुणाला खिळलेत, कोणाचं पत्र पत्ता बदलला म्हणून परत येई. तेव्हा पहिल्यांदा कळलं की आम्ही सगळेच किती म्हातारे झालो आहोत.

इकडे फोरमन बोटांनी नट शोधायला लागले. आधी चहा कपाबाहेर सांडला, मग शेडच्या खांबावर कपाळ आपटलं. पुढे वहिनी त्यांना बसने घेऊन यायला लागल्या, दुपारभर घरमालकांच्या ओट्यावर बसून राहायच्या. पनवेलचं नाव फोरमननी पुन्हा काढलं नाही. आम्हीही नाही.

डॉक्टरांनी दिलेलं वर्ष उलटून वर दोन महिने गेल्यावर बडोद्याहून पार्सल आलं. तिथले एक छंदिष्ट वारले होते, बायकोने माळा आवरायला काढला आणि त्यात आमचा कार्बोरेटर निघाला. त्याच कंपनीचा, त्याच मॉडेलचा, पण आधीच्या पितळी घडणीचा म्हणून भेगा नसलेला, खोक्यासकट. टेबलावर ठेवला. कोणीच 'नाही' म्हणालं नाही. मास्तरांनी तर नमस्कार केला.

दुपारी इंजिन सुरू झालं. फोरमनना आम्ही स्टिअरिंगमागे बसवलं. ते बराच वेळ मान खाली घालून ऐकत राहिले. मग उतरले, बॉनेटपाशी गेले, हाताने चाचपत एक स्क्रू पाव फेरा फिरवला, आणि आवाज असा लागला की घरमालकही बघायला बाहेर आले. बँकवाले म्हणाले, बसा आता, शेडपासून रस्त्यापर्यंत तरी न्या, आम्ही दोन्ही बाजूंनी चालतो. फोरमननी मानेनेच नको म्हटलं. मडगार्डवर हात ठेवून ते गाडीला वळसा घालून पलीकडे गेले, दार चाचपलं आणि डावीकडच्या सीटवर बसले. मला म्हणाले, "चल, घे."

त्या काळी तिकडचे सेक्टरांचे रस्ते आखलेले होते, पण वस्ती नव्हती. रुंद, मोकळे रस्ते आणि कडेला नुसतं गवत. मी दुसऱ्या गिअरमधून तिसऱ्यात गेलो. ते दाराच्या काठावर बोटं टेकवून बसले होते. समोर बघत होते, पण समोरचं काही दिसत नव्हतं, हे मला माहीत होतं. माझ्याच्याने राहवेना. म्हणालो, त्या दिवशी मी नाही म्हणायला नको होतं.

"त्याचं काय नाही," ते म्हणाले. "नियम माझाच. तू नाही म्हणालास, ठीक आहे." मी एक खड्डा चुकवला. मग म्हणाले, "पण ती प्लेट निदान हातात तरी घ्यायची होतीस रे. महिनाभर घासत होतो मी. रेषा दिसायची नाही, तर अंगठ्याने बघायचो. म्हटलं, आणखी कोणी नाही, तर तू तरी उचलून बघशील."

मी विचारलं, कुठे आहे ती आता?

"भंगारवाल्याला दिली. घरात ठेवून काय करायचं होतं?"

मी गाडी शेडकडे वळवली. गाडी मात्र फार छान चालत होती. एकही झटका नाही, की कुठे खडखड नाही.