लीलाकाकूंचे अकरा प्रश्न

लीलाकाकू बेहेरे पाहुण्याच्या हातात खोलीची किल्ली लगेच देत नसत. आधी ओटीवर बसवत. गूळ, पाणी. मग प्रश्न. मूळ गाव कुठलं? उपास कुणाचा, कधीचा? तिखट कुणाला सोसत नाही? दात कुणाला नाहीत? घोरतं कोण? घोरणाऱ्याला मागची खोली, कारण पुढच्या खोलीच्या भिंतीपलीकडे काकू स्वतः निजत.

गणपतीपुळ्यात देवळामागच्या आळीत त्यांच्या या दोन खोल्या. सोबत घरचं जेवण. नवरा गेल्यावर वीस वर्षं त्यांनी याच खोल्यांवर संसार ओढला, मुलाला शिकवलं. आणि एवढ्या वर्षांत त्यांच्या पानावरून कुणी अर्धपोटी उठलं नव्हतं.

२००३ साली मात्र खोल्या रिकाम्या राहू लागल्या. रस्त्याला मोठी हॉटेलं झाली होती. एसटीतून उतरलेला माणूस आळीपर्यंत पोचेचना. डोंबिवलीहून यज्ञेशचा, मुलाचा, फोन आला.

"आई, दिवाळीपर्यंत बघ. नाही भरल्या खोल्या, तर कुलूप घाल नि इकडे ये."

काकू हो म्हणाल्या. फोन ठेवला आणि रिकाम्या खोल्या झाडायला गेल्या.

स्वानंदी तेव्हा रत्नागिरीतल्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये लोकांच्या वेबसाइट बनवायची. मराठीत एम. ए. झालेली. कॉलेजात जागा नव्हती, म्हणून हे शिकली. शाळेच्या सहलीत चप्पल तुटली म्हणून ती काकूंच्या ओटीवर टेकली होती, ती तिथलीच झाली. वयात चाळीस वर्षांचं अंतर, पण मैत्री घट्ट.

"काकू, तुमची वेबसाइट करू या," ती म्हणाली. "लोक कुठूनही तुमच्या खोल्या बघतील. फॉर्म भरून पाठवतील."

"फॉर्म म्हणजे प्रश्नच ना? मग ते मी सांगत्ये. लिही."

अकरा प्रश्न झाले. स्वानंदी थक्क.

"काकू, घोरण्याचं वेबसाइटवर विचारतं का कुणी?"

"अगो, मग कधी विचारायचं? निजल्यावर?"

श्रावणात वेबसाइट सुरू झाली. ओटीचा फोटो, माडांचा, केळीच्या पानावरच्या जेवणाचा. स्वानंदी रोज दुपारी मेल बघायची आणि काकूंना फोन करायची.

"आलं काही?"

"नाही, काकू."

"बरं."

तीन आठवडे तेच. त्या 'बरं'चा आवाज रोज थोडा खाली जाई. स्वानंदीला तो ऐकवेना. एका दुपारी तिने सात प्रश्न काढून टाकले. नाव, फोन, तारीख, माणसं किती, एवढंच ठेवलं. काकूंना सांगितलं नाही.

चौथ्या दिवशी फॉर्म आला. कोल्हापूरची पाच माणसं, शनिवारी दुपारी पोचणार.

"बाकीची उत्तरं?" काकूंनी विचारलं.

"सगळ्यांना सगळं चालतं," स्वानंदी म्हणाली. जीभ जराशी अडखळली.

काकूंनी त्या शब्दावर चूल पेटवली. एकदा विचारलेलं पुन्हा विचारणं म्हणजे पाहुण्याला खोटं पाडणं, म्हणून ओटीवर या वेळी एकही प्रश्न झाला नाही. पाच पानं मांडली. वालाचं बिरडं, आमटी, ओल्या नारळाच्या वड्या. पाहुण्यांमधल्या आजी पानापाशी बसल्या आणि हात जोडून म्हणाल्या, "माझा शनिवार असतो हो." काकूंनी धावत जाऊन केळी आणि दूध आणलं. आजी म्हणाल्या, "पुष्कळ झालं." काकूंना कळत होतं, झालेलं नाही.

संध्याकाळी स्वानंदीचा फोन वाजला.

"ती उत्तरं त्यांनी दिली होती की तू?"

स्वानंदीने खरं सांगितलं.

"खोल्या रिकाम्या राहिल्या तर मी डोंबिवलीला जाईन," काकू म्हणाल्या. "पण इथे आहे तोवर माझ्या पानावरून कुणी उपाशी उठायचं नाही. प्रश्न परत घाल."

तिने लगेच घातले. आणि मनातल्या मनात काकूंचं सामानही बांधलं.

नवरात्राच्या आधी नाशिकच्या एका बाईंचा फॉर्म आला. अकराच्या अकरा उत्तरं. घोरण्यापुढे लिहिलं होतं, 'मी. यजमान नाकारतात, पण तेही.' शेवटचा प्रश्न होता, आणखी काही सांगायचंय? त्याखाली सासूबाईंच्या कवळीपासून मुलीच्या परीक्षेपर्यंत दीड पान मजकूर. स्वानंदीने तो फोनवर वाचून दाखवला.

"थांब, थांब. कवळीचं परत वाच," काकू म्हणाल्या. त्यांचा आवाज वर आला होता.

त्या बाई येऊन राहून गेल्या आणि घरी जाऊन त्यांनी मैत्रिणींना सांगितलं. मैत्रिणींनी जावांना. दसऱ्याला दिवाळीचे सगळे दिवस भरले. काकूंनी डोंबिवलीला फोन लावला.

"खोल्या भरल्यात. मला यायला जमायचं नाही, तुम्हीच या. ओटीवर निजावं लागेल. आणि आधी फॉर्म भर."

"आई, मी तुझा मुलगा आहे!"

"मग? घोरत नाहीस?"

दुसऱ्या दिवशी फॉर्म आला. तो कागदावर छापून घेऊन स्वानंदी स्वतः एसटीने पुळ्याला गेली. ओटीवर बसून वाचू लागली. मूळ गाव, गणपतीपुळे. घोरता का, बायको म्हणते हो. काय चालत नाही?

ती थांबली. मग वाचलं. "साखर. जूनपासून डॉक्टरांनी बंद केलीय. तुला सांगायचं राहून गेलं."

काकूंनी कागद हातात घेतला, ती ओळ स्वतः वाचली आणि परत दिला.

"रोज फोनवर विचारत्ये, जेवलास का," त्या हळूच म्हणाल्या. "काय जेवलास, ते कधी विचारलंच नाही. पुढे वाच."

आणखी काही सांगायचंय? त्याखाली एकच ओळ होती. 'किल्ल्या तुझ्याकडेच राहू देत.'

काकूंनी चष्मा काढला, पदराने पुसला आणि पुन्हा लावला.

"त्याच्यापुरत्या तिखटमिठाच्या करंज्या करू," म्हणत त्या उठल्या. दारातून वळल्या. "तू राहत्येस ना गो आज? तुला काय चालत नाही?"

स्वानंदी हसली. "तुम्हाला ठाऊक आहे की."

"गेल्या वर्षीचं ठाऊक आहे," काकू म्हणाल्या. "यंदाचं सांग."