फायनलला हात कापणारी

कॅरमच्या फायनलला माझा हात कापतो, हे पिंपरी-चिंचवडमध्ये बऱ्याच जणांना मला भेटण्याआधीच ठाऊक असायचं. कंपन्यांच्या आपापसातल्या स्पर्धा लागल्या, महिला गटाचा ड्रॉ भिंतीवर चिकटला, की कुणीतरी माझ्या नावावर बोट ठेवून म्हणायचं, "ही फायनलपर्यंत येणार. पुढचं सांगायला नको."

खेळ वडिलांनी शिकवला. ते पिंपरीतल्या एका कारखान्यात टर्नर होते आणि आम्ही कामगार वसाहतीत राहायचो. रविवारी दाराबाहेर पत्र्याच्या पिंपावर बोर्ड टाकला जायचा. वडील जिंकले की पावडरचं कौतुक करायचे, हरले की बोर्डाला उतार आहे म्हणायचे. मला मात्र त्यांनी कधी हरल्यावर सबब सांगू दिली नाही. "सोंगटी गेली न्हाई, म्हंजे तू मारली न्हाई," एवढंच बोलायचे.

पुढे मी भोसरीच्या एका कंपनीत लागले. गाड्यांच्या वायरींचे जुडगे बांधायचं काम. लाइनवर सगळ्या बायकाच, कारण बोटं बारीक लागतात. तिथं कंपनीच्या टीममध्ये गेले आणि पहिल्याच वर्षी फायनल गाठली. समोर देहूरोडची एक मुलगी होती, माझ्यापेक्षा थोडी मोठी, डोक्यावरून ओढणी घेतलेली, खेळताना ओठ दाताखाली धरणारी. शेवटच्या बोर्डात राणी माझ्याकडे होती आणि माझी एकच सोंगटी उरली होती, पॉकेटच्या तोंडाशी. शाळेतल्या पोरानं फुंकर मारून घालवावी अशी. माझा हात थरथरला. सोंगटीला स्ट्रायकर लागलाच नाही, तो एकटाच आत गेला. पंचांनी माझी एक सोंगटी बाहेर काढून मध्ये ठेवली, आणि त्या मुलीनं आपल्या उरलेल्या सगळ्या एकाच पाळीत संपवल्या.

एकदा झालं असतं तर लोक विसरले असते. पुढच्या वर्षी असंच झालं, आणि त्याच्या पुढच्या वर्षीही. मग लाइनवर चेष्टा सुरू झाली. सुपरवायझर म्हणायचे, "ताई, माल अर्जंट जायचाय, आज हात कापू देऊ नका." मी हसायचे. घरी गेल्यावर भाकरी थापताना जरा जास्तच जोर लागायचा.

लग्नानंतरही मी खेळत होते. नवरा चिखलीच्या जुन्या घरातला, गावकीतला माणूस. त्याला खेळातलं फारसं कळत नव्हतं, पण अभिमान होता. एका फायनलला तो आई, दोन भावजया आणि चुलत सासरे असं सगळं घर घेऊन आला. पहिल्या रांगेत बसले. मी पहिला गेम सहज घेतला, दुसरा गेला, तिसऱ्यात हातची राणी कव्हर करायची राहिली आणि मी हरले. परत येताना टेम्पोत सासूबाई म्हणाल्या, "आगं, दुसरा नंबर बी काय वाईट हाय का?" त्यांनी मनापासून म्हटलं होतं. मला तेच सोसलं नाही. त्यानंतर मी नाव दिलं नाही. मुलगी झाली, शिफ्ट होत्या, सासऱ्यांचं दुखणं होतं. कारणं मिळत गेली.

वर्षं गेली. कंपनी चाकणला नव्या जागेत गेली, मी लाइनवरून तपासणीला आले. मुलीचं लग्न झालं, ती पिंपळे सौदागरला राहायला गेली. माझ्या डोळ्याला चष्मा, खांद्याला कळ. चाकणच्या कंपनीत कॅन्टीनशेजारी एक खोली आहे, तिथं बोर्ड असतो. जेवणाच्या सुट्टीत नवीन मुली खेळतात, बीड-लातूरकडच्या, मोठ्यानं हसणाऱ्या. एकदा त्यांना चौथी मिळेना.

"काकू, तुम्हाला येतं का?" त्यातली एक म्हणाली.

"येत होतं," मी म्हणाले आणि बसले.

त्या दिवशी पहिल्यांदा स्ट्रायकर हातात आला तेव्हा बोटांना सगळं आठवत होतं. मी एकामागून एक घालत गेले. मुलींचं हसणं थांबलं, मग आरडाओरडा झाला, मग कॅन्टीनमधली माणसं डबा हातात घेऊन दारात उभी राहिली. मुलींनी परस्पर एचआरला सांगून टाकलं की काकूंचं नाव स्पर्धेत द्या.

मी नाहीच म्हणणार होते. पण दुसऱ्या दिवशी जेवताना मागच्या टेबलावरून आवाज आला. भोसरीपासून माझ्याबरोबर असलेला, स्टोअरमधला एक माणूस नव्या पोरांना सांगत होता, "अरे भावा, त्यांना पाठवू नका. फायनलला हात कापतो त्यांचा. पहिल्यापासून."

इतक्या वर्षांनी. मी ताट उचललं, हात धुतले आणि सरळ एचआरच्या केबिनमध्ये जाऊन फॉर्मवर सही केली.

सही करून बाहेर आले आणि घाबरले. रागानं नाव देता येतं, हात थोडाच स्थिर होतो? लेकीनं डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी हात पुढे धरायला लावले, पेल्यातलं पाणी प्यायला लावलं, कागदावर गोल काढायला लावले. म्हणाले, काळजीचं कारण नाही, काही घराण्यांत अशी थरथर असते, ताण आला की जास्त दिसते. वयाबरोबर थोडी वाढेल. मला वडिलांचा चहाचा कप आठवला, बशीवर किणकिण वाजणारा. आम्ही ते थंडीनं होतं असं समजायचो.

म्हणजे हात कापणारच होता, आणि पूर्वीपेक्षा जास्तच. मग कुणाकडे जायचं? मला एकच माणूस सुचला. जिनं पहिल्यांदा मला हरवलं होतं, ती.

देहूरोडला बाजाराच्या मागच्या गल्लीत तिचं शिवणकामाचं दुकान आहे, हे मला ऐकून माहीत होतं. सकाळची शिफ्ट संपवून बसनं गेले. ती मशीनवर बसली होती. केस पांढरे, चष्मा माझ्यापेक्षा जाड. मला पाहून पाय थांबवले.

"ब्लाउज शिवायचाय?"

"नाही. तुम्ही मला ओळखलं नाही. आपण फायनल खेळलो होतो."

तिनं चष्मा कपाळावर केला आणि थोडा वेळ बघत राहिली. "अरे अल्ला! ती सोंगटी? पॉकेटच्या तोंडावरची?" आणि मग माझा चेहरा पाहून, "बस, बस. चाय मागवते."

मी तिला आपा म्हणू लागले. मी सगळं सांगितलं, डॉक्टरांचंही. तिनं कापडाचे तुकडे बाजूला सारून कोपऱ्यातला बोर्ड काढला. तिचं खेळणं सुटलेलं नव्हतं, गल्लीतल्या बायकांना घेऊन ती दुपारी खेळायची. आम्ही दोन बोर्ड खेळलो. मग म्हणाली, "एक सांगू? तुझा हात आत्ता पण कापतोय. पहिल्या बोर्डापासून."

"मग?"

"तेव्हा पण पहिल्या बोर्डापासूनच कापत होता. मी समोर बसले होते ना, मला दिसत होतं. सुरुवातीला तू त्याला कापू देतेस, थांबतेस, मग मारतेस. शेवटी मात्र तुला लाज वाटते, लोक बघतायत म्हणून. आणि तू उरकून टाकतेस. तू हातानं नाही हरलीस. घाईनं हरलीस."

मला राग आला. इतकं साधं होतं तर ती तेव्हाच का बोलली नाही? मी तसं म्हटलंसुद्धा. ती हसली. "तेव्हा मी तुझ्या समोर बसले होते, बाई. बाजूला नाही."

त्यानंतर शिफ्ट संपली की मी देहूरोडला जायचे. आपा सराव असा घ्यायची की बघणाऱ्याला छळ वाटावा. मी स्ट्रायकर लावला की ती मुद्दाम मशीन सुरू करायची. गिऱ्हाईक आलं की त्यांना सांगायची, "हिचा हात बघा, कसा कापतो." बायका वाकून बघायच्या. पहिल्या दिवशी मी स्ट्रायकर टाकून उठले होते. हळूहळू सवय झाली. हात थरथरायचा, मी तो उचलून मांडीवर ठेवायचे, पुन्हा लावायचे, थरथर दोन झटक्यांच्या मध्ये जरा ओसरते ती जागा शोधायचे आणि तिथं मारायचे. कधी जमायचं, कधी नाही. न जमलेलंही आपा बघायची आणि मान हलवून पुढे खेळायची. नवरा एकदा न्यायला आला आणि दारातच उभा राहिला. परतताना म्हणाला, "लई तरास देती ती तुला."

"देऊ दे."

"म्या कुठं नको म्हंतोय?"

कंपन्यांच्या स्पर्धेत मी सेमीफायनलला हरले, एका चांगल्या खेळाडूकडून, सरळ. स्टोअरमधल्या माणसानं समाधानानं मान हलवली. पण मी हरून आले ती थांबायला नाही. भोसरीच्या एका मंडळाची स्पर्धा खेळले, ती जिंकले. निगडीला एक जिंकले. त्या लहान होत्या, त्यांचं कुणी नाव काढत नाही. मग चिंचवडच्या हॉलमध्ये शहरपातळीची स्पर्धा लागली, वयाची अट नसलेली. आपा म्हणाली, "दोघी नाव देऊ."

सेमीफायनलला आम्ही समोरासमोर आलो.

आपानं मला जराही सूट दिली नाही, आणि मीही नाही. तिसऱ्या गेममध्ये तिची शेवटची सोंगटी किंचित कमी पडली आणि मी बोर्ड घेतला. तिनं हात मिळवला, पिशवी उचलली आणि न बोलता निघून गेली. फोन केला, उचलला नाही. मला वाटलं, संपलं. फायनल दुसऱ्या दिवशी होती आणि मी रात्रभर त्या फायनलचा विचार करायच्या ऐवजी आपाचाच करत होते.

सकाळी हॉलवर गेले तर ती दुसऱ्या रांगेत बसलेली. शेजारी माझा नवरा. मी जवळ गेले.

"आपा, रागावलात?"

"खूप," ती म्हणाली. "अजून आहे राग. जा, खेळ."

माझ्यासमोर आळंदीची एक कॉलेजातली मुलगी होती. वडील तिथं रिक्षा चालवतात. बसायच्या आधी ती वाकून माझ्या पाया पडली. हॉलमध्ये टाळ्या झाल्या. आशीर्वाद देऊन हरवायचं कसं? पण ती बसली आणि पहिल्याच ब्रेकला निम्मा बोर्ड साफ केला, तेव्हा माझी ती अडचण मिटली.

पहिला गेम तिनं घेतला, दुसरा मी. तिसरा शेवटच्या बोर्डापर्यंत आला, आणि जी हा बोर्ड घेईल तिची स्पर्धा, असं झालं. माझ्या दोन पांढऱ्या उरल्या होत्या, तिच्या दोन काळ्या, आणि मध्ये राणी. मी कट मारून राणी घेतली. आता ती कव्हर करायची. जवळची पांढरी पॉकेटच्या तोंडाशी होती.

मागून कुणीतरी दबक्या आवाजात म्हणालं, "आता बघ." तो आवाज कुणाचा ते मला आजही माहीत नाही.

मी स्ट्रायकर लावला. हात थरथरत होता, लपवण्यासारखा नव्हताच, पहिल्या रांगेला दिसत असणार. मुलीनं नजर खाली घेतली, माझी लाज राखायला. मी हात उचलला आणि मांडीवर ठेवला. पुन्हा लावला. पंच म्हणाले, "वेळ." मला ऐकू आलं, आणि तरी मी थरथर जरा ओसरायची वाट बघितली. मग मारलं. सोंगटी गेली. राणी कव्हर झाली.

उरलेली पांढरी माझ्याच बाजूला, पट्टीला चिकटून होती. तिथून ती घालायची तर नशिबाचा फटका. पूर्वीची मी असते तर तो मारला असता, फक्त हे सगळं संपावं म्हणून. मी स्ट्रायकर हलकेच पाठवला आणि तिची एक काळी कोपऱ्यापासून दूर सारली. लोकांना वाटलं, चुकलं. कुणीतरी च्च केलं. मुलीला मात्र कळलं, तिनं माझ्याकडे बघितलं. तिनं पहिली काळी घातली, सुंदर घातली. दुसरीला कोन राहिला नव्हता. तिनं लांबून रिबाउंड मारला, काळी पॉकेटच्या कडेला थडकून परत आली, आणि येताना तिचा स्ट्रायकर माझ्या पांढरीला लागला. ती पट्टीपासून सुटली.

मी पुन्हा थांबले. हात मांडीवर, पुन्हा बोर्डावर. अंगठ्यानं हळू मारलं. पांढरी सावकाश गेली, इतकी सावकाश की मला वाटलं काठावर थांबणार. आत पडली.

जिंकल्यावर रडू येईल असं वाटलं होतं. मला भूक लागली होती. मुलीशी हात मिळवताना ती म्हणाली, "काकू, ती काळी सरकवलीत ना, तिथंच गेला माझा बोर्ड." मी तिला म्हटलं, "पुढच्या वेळी तूही सरकव." नवऱ्याला काय करावं कळेना, तो पंचांशीच हात मिळवत राहिला. आपा शेवटी आली. माझा उजवा हात धरून उलटासुलटा बघितला, कापड बघतात तसा.

"अजून कापतोय," ती म्हणाली.

"हो."

"कापू दे."

कंपनीत मुलींनी पेढे वाटले. स्टोअरमधल्या माणसानंही घेतला. म्हणाला, "ताई, नशीब पण लागतं." मी म्हणाले, "लागतं की." वाद घालावासा वाटला नाही.

पुढे आपाला सोबत घेऊन राज्य स्पर्धेला गेले आणि उपांत्यपूर्व फेरीत हरले. समोरची बाई माझ्यापेक्षा चांगली खेळली, एवढंच. घाई मी केली नव्हती. परतीच्या बसमध्ये आपा आणि मी भांडत आलो. तिचं म्हणणं, माझा स्ट्रायकर हलका आहे, जड घे. माझं म्हणणं, या वयात खांदा जड स्ट्रायकर सोसणार नाही. वाकडला पोचेपर्यंत ठरलं की एक महिना जड वापरून बघायचा. उद्या पहिली शिफ्ट आहे, ती सुटली की मी देहूरोडची बस धरणार आहे.