शेवटची खताची बादली

अमिरातीतल्या अल ऐनमध्ये आमच्या शेजाऱ्यांकडे गेलं की चहाच्या आधी खत यायचं. गृहस्थ मागच्या अंगणातल्या बादलीतून मूठभर उचलून पाहुण्याच्या नाकाशी धरायचे. "घ्या वास. येतो? नाही ना? खलास! मागच्या महिन्यातली भाजीची सालं आहेत ही."

ते माती-पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत इंजिनियर होते. आपल्या देहाचंही त्यांनी ठरवून टाकलं होतं. कोकणातल्या घरामागे, फणसाखाली पुरायचं. सुती कापडात, पेटी नको. "लाकूड नको, धूर नको. मातीतले जंतू काम चोख करतात."

मला प्रत्येक गोष्टीचा हिशेब लागतो. विचारलं, "आणि विहीर?"

"लांब आहे, उताराच्या वरच्या अंगाला. खड्डाही फार खोल नको, जंतूंना हवा लागते."

"आणि तुमच्या मधुमेहाच्या गोळ्या? त्याही उतरणार मातीत."

त्यांनी हातातलं खत बादलीत टाकलं. मग म्हणाले, "साहेब, तुम्ही मयताचंही ऑडिट कराल!" पण पुढच्या भेटीत त्यांनीच विषय काढला. "गोळ्यांचं वाचतोय. मला तरी अजून नक्की उत्तर सापडलेलं नाही."

कोकणातल्या भावाची संमती घेऊन झाली होती, फक्त निवृत्ती तेवढी बाकी होती. "पुढच्या वर्षी, इन्शाल्ला," असं दर वर्षी म्हणायचे. इथे आपण सगळेच म्हणतो.

ते इथेच गेले, ऑफिसात, हार्ट अटॅकने. देह विमानाने न्यायचा तर तो टिकवायला त्यात फॉर्मलिन हे रसायन भरावं लागतं, हे त्यांच्या पत्नीला, वहिनींना, मला सांगावं लागलं. फणसाखाली तेच झिरपलं असतं. भाऊ फोनवर म्हणत होता, "वहिनी, जागा साफ करून ठेवलीय. पाठवा दादाला." वहिनींनी फोन स्पीकरवर टाकून मुलीकडे पाहिलं. शेवटी मुलगी म्हणाली, "नो केमिकल्स, आई. प्लीज. बाबा वुड हेट इट."

इथल्याच स्मशानात दहन झालं. धूर त्यांना नको होता, तोच त्यातल्या त्यात बरा ठरला.

थोडी राख अंगणातल्या कडुलिंबाच्या रोपाला घालू का, असं वहिनींनी विचारलं. राखेत क्षार असतात, इथली माती आधीच खारी, कोवळी मुळं करपतात. हे त्या गृहस्थांनीच मला शिकवलेलं. पण नाही म्हणवेना. म्हटलं, "चिमूटभरच घ्या, आणि भरपूर खतात कालवून."

त्यांची बादली तळापर्यंत रिकामी झाली. शेवटची मूठ वहिनींनी उचलली आणि माझ्या नाकाशी धरली.

"येतो?"

मी नाही म्हणून मान हलवली. पुढचं "खलास" आमच्यापैकी कोणीच उच्चारलं नाही.