बालदी दिसता काय?

गाडीच्या काचेवर जीपीएसचं स्टँड लावायला किती वेळ लागतो? कुठल्याही दुकानात पाच मिनिटं. गावडेकाकांना पाऊण तास लागायचा. ते आधी गिऱ्हाइकाला ड्रायव्हरच्या सीटवर बसवत, सीट रोजच्यासारखी मागेपुढे करायला लावत, चष्मा असेल तर चढवायला सांगत. मग स्टँडच्या जागी धरायला हातात पुठ्ठ्याचा एक तुकडा देत. एवढं झालं की गाळ्यातली लाल प्लास्टिकची बालदी उचलून गाडीपुढे दहाबारा पावलांवर नेऊन ठेवत आणि तिथूनच विचारत, "बालदी दिसता काय?" दिसते म्हटलं की बालदी उजवीकडे, मग डावीकडे, मग पार गटाराच्या कडेला. एकदा जरी ती पुठ्ठ्याआड गेली तरी ती जागा बाद. गिऱ्हाईक कितीही घाईत असो, त्याला पुन्हा पहिल्यापासून बालदी बघावी लागे.

मी एकदा विचारलं, बालदीच का? काका स्क्रू चाळवत म्हणाले, "पहिलीतलं पोर रस्त्यात आलं तर गाडीतून बालदीएवढंच दिसतं." 

त्यांचा गाळा मुलुंड पश्चिमेला, एलबीएस रोडच्या आतल्या गल्लीत. गाव मालवणच्या बाजूचं, वडील गिरणीत. गिरणी बंद पडल्यावर काकांनी रेडिओ दुरुस्त केले, मग टेपरेकॉर्डर, मग गाड्यांचे स्टिरिओ, आणि शेवटी जीपीएस आणि कॅमेरे. निम्म्या मुलुंडच्या गाड्यांना वाट दाखवणाऱ्या या माणसाकडे स्वतःचं लायसन्स मात्र नव्हतं. कोणी हसलं तर म्हणत, "डॉक्टरला कुठे सगळे रोग झालेले असतात?"

माझी त्यांची ओळख झाली ती आमच्या बंद पडलेल्या जीपीएसमुळे. हे मशीन अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं. मोबाईलवर नकाशा असताना वेगळं मशीन कशाला, असं मी म्हणायचो. त्यावर अण्णांचं म्हणणं असं की वळण सांगता सांगता मध्येच कर्ज हवंय का विचारणारे फोन येतात, आणि आपण चुकीच्या पुलावर चढतो. मी ते मशीन टाकून नवीन घ्यायच्या विचारात होतो. काकांनी ते उघडलं, आत बघितलं आणि माझ्याकडे बघितलं. "बॅटरी पुरीसारखी फुगलीय, बाकी झकास आहे. फेकायला निघालास? उद्या मला पण फेकशील." बॅटरी बदलून मशीन चालू झालं. त्याच दिवशी दुसऱ्या एकाला मात्र त्यांनी दुरुस्ती साफ नाकारली. "ह्याचे नवीन नकाशे यायचे बंद झालेत. हा तुला पाडलेल्या पुलावरून नेईल. दुसरा घे."

स्टँडच्या बाबतीत त्यांची मतं ठाम होती. रबरी वाटीचं स्टँड काचेला चिकटवायच्या आधी काच पुसायची, वाटीला कोमट पाणी लावायचं. थुंकी लावणाऱ्याला ते गाळ्यातून बाहेर काढत. मे महिन्यात उन्हात गाडी उभी करणाऱ्याला एसीच्या जाळीवरची क्लिप, कारण तापलेल्या काचेवरून वाटी सुटते. सगळ्यात अवघड प्रश्न गणपतीचा. आपल्याकडे डॅशबोर्डवरची मधली जागा बाप्पाची, आणि स्टँडलाही नेमकी तीच सोयीची. एका बाई बाप्पाला हलवायला काही केल्या तयार होईनात. काका हात जोडून म्हणाले, "ताई, बाप्पाला रस्ते पाठ आहेत. ह्या मशीनला नाहीत. त्याला जरा बाजूला बसवलं तर तो रागवायचा नाही." बाईंनी हसत स्वतःच्या हाताने मूर्ती उचलली. मूर्तीला काका कधी हात लावत नसत; ते काम मालकानेच करायचं.

अण्णांची आणि त्यांची गट्टी जमली ती चहावर. अण्णा कारखान्यात फोरमन होते, काका हाताने काम करणारे. दोघांनाही उघडलेल्या मशीनसमोर बसून बोलायला आवडे. आई गेल्यापासून अण्णांचा सगळा जीव त्या गाडीत होता. सोसायटीतल्या कोणाला डायलिसिसला न्यायचंय, कोणाला डोळे तपासायला घाटकोपरला जायचंय, सगळे अण्णांना सांगत. शहात्तराव्या वर्षी रोज कोणाला तरी आपली गरज पडते, याचा त्यांना फार अभिमान होता. आणि तो मला दिसत होता, म्हणूनच पुढचं सगळं इतकं अवघड झालं.

आधी सोसायटीच्या गेटला गाडीची डावी बाजू घासली. अण्णा म्हणाले, काचेवरचं स्टँड मध्ये येतं. शेजारच्या कुलकर्णीकाकूंना दवाखान्यात न्यायची घाई होती, म्हणून काकांनी, कधी नव्हे ते, बालदीशिवायच स्टँड उचलून काचेच्या उजव्या कोपऱ्यात लावून दिलं. महिन्याभरात उभ्या रिक्षाला आरसा लागला. तोही डावा. अण्णा पुन्हा गाळ्यावर. काकांनी गाडीभोवती एक चक्कर मारली, चऱ्यांवरून अंगठा फिरवला आणि स्टँड काढून मधल्या एसीच्या जाळीवर क्लिप लावली. बालदी त्या दिवशीही बाहेर आली नाही. चहा मात्र दोनदा झाला.

मग इडलीवाला. सकाळी सायकलवर भोंगा वाजवत येणाऱ्या इडलीवाल्याला अण्णांच्या आरशाचा धक्का लागला. तो सायकलसकट पडला, खरचटला, आणि नशिबाने तेवढ्यावरच निभावलं. अण्णांनी त्याला स्वतः दवाखान्यात नेलं. घरी आले तेव्हा गाडीच्या दारावर चटणी सुकली होती. हात धुता धुता म्हणाले, "सुहास, ते स्टँड बदलायला हवं. डावीकडचं काही दिसू देत नाही." मी म्हणालो, आज मी पण येतो.

काकांनी सगळं ऐकून घेतलं. चहा मागवला नाही. अण्णांना सीटवर बसवलं, चष्मा पुसायला सांगितला. अण्णा मान खाली घालून काचा पुसत होते तेवढ्यात काकांनी डाव्या खिडकीतून हात घातला आणि परत बाहेर घेतला. मग माझ्याकडे बालदी दिली.

"समोर बघायचं अण्णा. मान हलवायची नाही. बालदी दिसता काय?"

"दिसते."

मी ती उजवीकडे नेली. "दिसते." मी ती डावीकडे आणली, गाडीपासून तेवढ्याच दहाबारा पावलांवर. अण्णा थांबले.

"ठेवली कुठे? ठेव की."

"ठेवली, अण्णा," मी म्हणालो.

"मग ते स्टँड आडवं येतंय. गावडे, काढा बघू ते आधी."

काका अण्णांच्या खिडकीशी वाकले आणि त्यांनी मूठ उघडली. "अण्णा, स्टँड माझ्या हातात आसा."

अण्णांनी त्या हाताकडे बघितलं. मग सबंध मान वळवून डावीकडे बघितलं, तिथे बालदी होती. त्यांनी किल्ली काढली, सीटवर ठेवली आणि चालत घरी निघाले. मी त्यांच्यामागे जाणार तर काकांनी मला थांबवलं. "चुकलो काय रे मी?" असं त्यांनी मला दोनदा विचारलं. मी बालदी उचलून गाळ्यात नेऊन ठेवली.

डॉक्टरांनी सांगितलं, मेंदूला कधीतरी बारीकसा झटका येऊन गेलाय, दोन्ही डोळ्यांची डावी बाजू गेली आहे. औषधं सुरू झाली, गाडी बंद झाली. अण्णा त्या गल्लीने जायचे थांबले. काकांचं नाव काढलं तर पेपर उघडून बसत. गाडी मी चालवू लागलो, पण मला रस्ते येत नव्हते. ऑफिस पवईला, त्यापलीकडे मी कधी पाहिलंच नव्हतं. सोसायटीतले लोकही आता दुसरी सोय बघत होते. अण्णा दुपारी खिडकीत बसून राहत.

दोन महिन्यांनी एका रविवारी काका हातात पिशवी घेऊन घरी आले. अण्णांशी काही न बोलता त्यांनी माझ्याकडे किल्ली मागितली. आम्ही खाली गेलो. थोड्या वेळाने अण्णाही जिना उतरून आले, काय चाललंय ते बघायला. काकांनी पिशवीतून नवीन स्टँड काढलं, लांब मानेचं, आणि ते मध्यावर बसवून तोंड डाव्या सीटकडे वळवलं.

"उलटं लावताय," अण्णा म्हणाले. काकांशी दोन महिन्यांतला त्यांचा पहिला शब्द.

"सुलटंच आहे. हितं बसलात की मशीन तुमच्या उजवीकडे येतं. उजवीकडचं तुम्हाला चांगलं दिसतं. ह्याला गाडी येते, पण रस्ते कुठे येतात? तुम्ही सांगायचे. बसा, बघूया."

अण्णा बसले. त्या दिवशी आम्ही भांडुपपर्यंत जाऊन आलो आणि अण्णा सबंध वाट मशीनच्या आधी वळणं सांगत होते. पुढे शनिवार-रविवारी कुलकर्णीकाकूंना आम्ही दोघं मिळून न्यायला लागलो. गाळ्यावरचा चहाही सुरू झाला. बालदीच्या त्या दिवसाबद्दल मात्र कोणी बोललं नाही.

गेल्या वर्षी काकांनी गाळा बंद केला आणि गावी राहायला जायचं ठरवलं. अण्णा म्हणाले, आपण सोडायचं. पहाटे निघालो. काका मागे बसले होते, पायाशी हत्यारांची पेटी. पनवेल सुटलं आणि ते एकदम म्हणाले, "अण्णा, एक सांगायचं राहिलंय. माका आधीच ठाऊक होतां. दुसऱ्यांदा स्टँड बदललं तेव्हाच. स्टँड उजव्या कोपऱ्यात आणि चरे डावीकडे, मग ते स्टँड कसलं आडवं येतंय? बोललो असतो तर तुम्ही यायचे बंद झाला असतात. म्हणून बालदी काढली नाही. तो इडलीवाला माझ्यामुळे पडला."

अण्णांनी मशीनचा आवाज बंद केला.

"गावडे," ते म्हणाले, "मला त्याच्याही आधीपासून कळलं होतं. गेटला घासली तेव्हाच."

मला कोणी काही विचारलं नाही. मी रस्त्यावरची नजर काढली नाही. गेटच्या कितीतरी आधीपासून ताटातली डावी बाजू, चटणी, कोशिंबीर, अण्णांच्या पानात तशीच राहायची. ते बघून वाढताना मी रोज ती गुपचूप उजवीकडे सरकवून ठेवत होतो.