मार्थाबाईंची अर्धी ओळ

कारंज्याला बदली होऊन आलो, त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी सहा वाजता शेजारच्या बाईंनी मला हाक मारली. निदान मला तसं वाटलं.

"हे प्रभू," असा भिंतीपलीकडून स्वच्छ आवाज आला. माझं नाव प्रभाकर. घरात, नात्यात आणि बसस्टँडवर प्रभू. आदल्या दिवशी सामान उतरवताना आईनं "प्रभू, पलंग धर! प्रभू, सिलिंडर पाह्य!" असा गल्लीभर गजर केला होता, तेव्हा शेजारणीला नाव कळलं यात नवल नव्हतं. नवल पुढच्या शब्दांचं होतं. "हे प्रभू, तुझ्या दयेने..." एवढं म्हणून आवाज थांबला. कोणाची तरी वाट पाहावी तसा थांबला. जरा वेळानं पुन्हा, "हे प्रभू, तुझ्या दयेने..." आणि पुन्हा तीच शांतता. बाई पडल्याबिडल्या असतील, नवख्या माणसाकडे मदत मागायला संकोचत असतील, अशी माझी खात्रीच झाली. तोंडातल्या ब्रशसकट मी धावलो.

दार उघडंच होतं. आत टेबलावर हिरवा कापडाचा तुकडा, त्यावर मेणबत्ती आणि एक जुनं पुस्तक. समोर खुर्चीत पांढऱ्या साडीतल्या, ताठ पाठीच्या एक बाई डोळे मिटून बसलेल्या.

"काय पाह्यजे, बाई?" मी फेसातून विचारलं.

त्यांनी एकच डोळा उघडला. "तू कोन?"

"प्रभू."

त्यांनी मला नखशिखांत पाहिलं. "तुले नाही बलावलं रे. दुसऱ्या प्रभूले बलावलं."

"इथं अजून एक प्रभू राह्यते?"

"राह्यते. पन तो तोंडात फेस घेऊन नाही येत."

अशी आमची ओळख. बाईंचं नाव मार्था. सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून त्यांचा सगळा जन्म गेला होता, आणि कारंज्याच्या जिभेनं त्यांच्या नावाचं 'मारताबाई' करून टाकलं होतं. "मारताबाई आली" म्हटलं की पोरं पलंगाखाली शिरत. बाईंना त्याचं काही वाटत नसे. "नाव बरोबरच हाय," त्या म्हणत. "सुई मारतच होती मी." यजमान शाळेत गणित शिकवायचे. त्यांना सगळे नुसतं 'सर' म्हणत. आम्ही यायच्या आदल्या वर्षी सर वारले होते आणि बाई एकट्या राहत होत्या.

आता माझी नोकरी बसस्टँडवर कंट्रोलरची. कोणती गाडी केव्हा सुटणार हे माइकवरून सांगायचं. जगाला वेळ सांगणारा हा माणूस घरी मात्र कधीही उठायचा, कधीही जेवायचा आणि बीपीची गोळी आठवली तर घ्यायचा. म्हणून असेल, पण मार्थाबाईंच्या दिवसाचं मला भारी कुतूहल वाटू लागलं. सकाळी सहा, दुपारी बारा आणि दिवेलागण, या तीन वेळा त्या हातातलं काम ठेवून टेबलाशी बसत. कुकरची दुसरी शिट्टी झालेली असो, दारात भाजीवाला असो. भाजीवाला टोपली उतरवून थांबे. त्यालाही सवय झाली होती.

आणि ते कापड! ते बदलायचं. नाताळच्या आधी जांभळं झालं, नाताळला पांढरं, उपवासाच्या चाळीस दिवसांत पुन्हा जांभळं, पुनरुत्थानाच्या सणाला परत पांढरं, मध्येच एका रविवारी लालभडक, आणि मग महिनोन्‌महिने हिरवं. मी विचारलं, "बाई, हे हिरवं निघतच नाही काहून?"

"तो साधा काळ हाय बाप्पा. त्यात सन नाही, सूद नाही. नुसते दिवस."

"मग त्याला कशाला कापड?"

"सनाच्या दिवशी कोनालेबी देव आठवते. हिरव्यात आठवला पाह्यजे. तुयी गोळी तू काय दिवाळीलेच खातं?"

मी विषय बदलला.

आणखी एक गोष्ट मला छळायची. बाई माणसांशी वऱ्हाडी बोलत आणि देवाशी अगदी छापील. एकदा न राहवून विचारलं, "तुमच्या देवाला वऱ्हाडी समजत नाही का?"

"समजते ना. पन सर गेल्यावर मी वऱ्हाडीत सुरू झाली असती तं भांडनच केलं असतं त्याच्याशी. पुस्तकातले शब्द होते म्हनून वाचला तो."

मन लागत नसेल तेव्हा काय करता, असंही मी विचारून घेतलं. बसस्टँडवर माणसं मला चौकशीनं पिडतात, त्याचं उट्टं मी बाईंवर काढत असे. त्या म्हणाल्या, "मन लागल्यावर बसतो म्हनशीन तं कधीच नाही बसत तू. आपन बसून घ्यावं. मन येते मांगून, बकरीवानी."

आमची भिंत चार इंची विटेची, वर हवेसाठी सिमेंटची जाळी. त्यामुळे बाईंची सकाळची विनवणी आमच्या घरात अक्षर अन् अक्षर ऐकू येई. तिच्यात माणसांची नावं असत. शेलूबाजारच्या रस्त्यावर जीप चालवणारा रफिक आणि त्याच्या जीपचे ब्रेक. गल्लीतली कोणी ना कोणी पहिलटकरीण सून आणि तिची सासू, "दोघींनाही धीर दे." चौथ्या दिवशी त्यात "भिंतीपलीकडचा प्रभाकर" आला. मी अर्धा तास फुशारलो. मग लक्षात आलं की नावापुढे गोळीही होती. प्रत्येक नावानंतर बाई म्हणत, "हे प्रभू, तुझ्या दयेने..." आणि थांबत.

त्या थांबण्याचं कोडं शेवटी त्यांनीच सोडवलं. ती ओळ दोघांची होती. एकानं अर्धी म्हणायची, बाकीच्यांनी "आमची प्रार्थना ऐक" म्हणून पुरी करायची. लग्न झाल्यापासून ते उत्तर सर देत आले होते. चर्चची मंडळी अकोल्याला, त्यांचे धर्मगुरू पाळकसाहेब महिन्यातून एकदा येणार. बाकी दिवस दोघंच.

"मग आता दोन्ही अर्धी तुम्हीच म्हणा ना," मी म्हणालो.

बाई म्हणाल्या, "त्याचं ताट मी जेवू काय रे?"

मग खालच्या आवाजात म्हणाल्या, "पन थकली मी आता. रोज हाक मारा अन् रोज कोनी ओ देत नाही. रूथ म्हनते पुन्याले चाल. आगमनकाळ लागला का जातो म्हनलं मी तिले."

रूथ म्हणजे त्यांची एकुलती मुलगी. आगमनकाळ म्हणजे नाताळच्या आधीचे चार रविवार. त्यांचं नवं वर्ष तिथून सुरू होतं. हिरवं कापड निघून जांभळं लागलं की बाई कारंजा सोडणार. घरी हे सांगितलं तर बायको भाजी चिरता चिरता थांबली.

आधी रूथताईंनी फोनवरून उत्तर द्यायचं ठरलं. सहा वाजता स्पीकर लावून मोबाइल मेणबत्तीला टेकवला. बाई म्हणाल्या, "तुझ्या दयेने..." फोन गप्प. बाई पुढच्या नावावर गेल्या, "रफिकच्या जीपचे ब्रेक," आणि पुण्याहून आवाज आला, "आमची प्रार्थ... हॅलो? आई? दिसतेय का मी?" चार दिवसांत तो प्रयोग बंद पडला.

मग मी पुढे सरसावलो. आम्ही बौद्ध. आजोबांनी छप्पनला दीक्षा घेतली, आईचा विहार एक रविवार चुकत नाही. पण मी मनाशी म्हटलं, तीन शब्द तर म्हणायचे आहेत. माइकवर दिवसाला तीनशे म्हणतो. दुसऱ्या दिवशी अंघोळ करून बाईंच्या शेजारी बसलो आणि पहिल्या थांब्याला खणखणीत आवाजात म्हणालो, "आमची प्रार्थना ऐक!"

बाईंनी पुस्तक मिटलं. "प्रभू, खरं सांग. कोनी ऐकून राह्यलं असं वाटते काय तुले?"

मी खूप शोधलं, पण खोटं बोलायला जागा सापडेना. "नाही वाटत, बाई."

"मंग 'आमची' म्हनू नको. माया शेजारी बसनारा खोटं बोलला तं मी कोनाच्या भरवशावर बोलू? बसाचं असन तं बस."

मी नुसता बसू लागलो. उठवलं कोणीच नव्हतं, तरी सहाला बसू लागलो. पण गप्प बसलेल्या माणसानं ओळ पुरी होत नाही. हिरवे दिवस संपत आले, आणि बाईंनी भांडी जुन्या वर्तमानपत्रांत गुंडाळायला घेतली.

आईला माझं तिथं बसणं पसंत नव्हतं. "दुसऱ्याच्या देवाले हाजी हाजी करते," म्हणायची. मी खरंच काय करतो ते पाहायला म्हणून ती एके सकाळी बाईंच्या पायरीवर येऊन बसली. तोंड रस्त्याकडे, कान आत. बाईंनी जीप, ब्रेक, सून, सासू घेतली. "हे प्रभू, तुझ्या दयेने..."

"साधु, साधु, साधु," आई म्हणाली.

विहारात वंदना संपली, कोणी चांगलं बोललं की सगळे असंच म्हणतात. आईच्या तोंडून ते सवयीनं निघून गेलं होतं. तिनं तोंडावर पदर धरला. मी जमिनीकडे पाहिलं. बाई खुर्चीत वळल्या.

"काय म्हनलं तुमी, यशोदाबाई?"

"चुकून निघालं व माय. तुमी थांबल्या, म्हनून."

"पन अर्थ काय त्याचा?"

"बरं हाय, चांगलं हाय ते. असंच होवो."

"म्हंजे आमेन."

"आमेन नाही," आई ताठ झाली. "साधु."

"साधु तं साधु. पन मनातून म्हनलं का?"

"त्या पोरीचं बाळंतपन सुखानं व्हावं, हे काय वरवरून म्हनाचं असते?"

बाईंनी पुस्तक पुढं ओढून पुढचं नाव घेतलं, थांबल्या, आणि आईनं पायरीवरून तीनदा साधु दिलं. आईनं एक अट मात्र घातली. ती आत येऊन बसणार नाही, पायरीवरूनच म्हणेल. बाई म्हणाल्या, "पायरीबी घराचीच असते."

आगमनकाळाच्या आदल्या दिवशी रूथताई आल्या. पहाटे उठून त्यांनी टेबलावर जांभळं कापड स्वतः घातलं, आणि सहाला तो सगळा प्रकार पाहिला. त्या शहाण्या बाई, माझ्या आईसमोर काही बोलल्या नाहीत. आई उठून गेल्यावर म्हणाल्या, "आई, ही कुठल्या पद्धतीची उपासना? पुण्याला तीनशे माणसांची मंडळी आहे. तिथं तुला बरोबर उत्तर मिळेल."

"मिळन ना," मार्थाबाई म्हणाल्या. "पन तीनशेतली मी एक दिवस आली नाही तं कोनाले समजन? इथं मले शिंक आली अन् उशीर झाला तं ही बाई भिंत ठोकते. मायी वाट पाह्यनारं मानूस हाय इथं, रूथ."

"आणि पाळकसाहेबांना काय सांगायचं?"

"त्याइले मी सांगतलं. ते हसले, अन् चहा पिऊन गेले."

रूथताई एकट्याच परत गेल्या. मी त्यांना पुण्याच्या गाडीत बसवलं. खिडकीतून त्या म्हणाल्या, "भाऊ, आईकडे लक्ष ठेवा." त्या वेळी लक्ष कोण कोणाकडे ठेवत होतं, हे माझ्या गोळीला विचारावं.

त्यानंतर तीनदा जांभळं आलं आणि गेलं. दोन म्हाताऱ्यांचं एकमेकींच्या देवाधर्माबद्दल एकमत झालं असं समजू नका. आई म्हणे, "मारताबाईचं सारं चांगलं हाय, पन ते वरच्याले बलावनं काही पटत नाही." बाई म्हणत, "यशोदाबाई गुनाच्या हाय, फक्त कोनाले साधु म्हनते तेच त्याइले मालूम नाही." हे दोघीही मला सांगत, आणि मी निष्ठेनं इकडचं तिकडे पोहोचवत असे. सकाळी सहाला मात्र दोघी आपापल्या जागी.

मागच्या भादव्यात, एका मंगळवारी, मार्थाबाई गेल्या. सण नव्हता, सूद नव्हती; टेबलावर हिरवंच कापड होतं. सव्वासहा झाले तरी आवाज नाही म्हणून आईनं भिंत ठोकली, मग पुन्हा ठोकली. मी दार ढकलून आत गेलो. त्या झोपेतच गेल्या होत्या. पाळकसाहेब आले, मातीला रफिकची जीप होती आणि त्यांच्या हातावर जन्मलेली निम्मी गल्ली होती. रूथताईंनी घर आवरलं, पुस्तक आणि कापडं नेली, दाराला कुलूप घातलं.

रूथताई गेल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठून अंगणात आलो, तर आई त्या कुलपासमोरच्या पायरीवर बसलेली.

"आई, आता तिथं कोण आहे?"

"मले मालूम हाय." ती सरकली आणि तिनं बाजूची जागा हातानं झटकली. मी बसलो. "प्रभू, रफिकच्या ब्रेकचं आता कोन सांगन?"

"कोणाला सांगायचं, आई? आपण कोणाला सांगत नाही."

"मले सांग," आई म्हणाली. "मले ऐकू येते अजून."

मी आजूबाजूला पाहिलं. भाजीवाला टोपली उतरवून उभा होता. मी घसा खाकरला आणि सुरू केलं. रफिक, त्याचे ब्रेक, कोपऱ्यावरची बाळंतीण, तिचा रडका पोरगा, पुण्याची रूथताई, भाजीवाल्याचा गुडघा. बसस्टँडवर सुटणाऱ्या गाड्या पुकाराव्या तशी सगळी नावं मी एका दमात म्हणून टाकली.

आईनं माझ्या गुडघ्यावर चापट मारली.

"थांबत जाय ना रे मधी," ती म्हणाली. "मायी पाळी येऊ दे तं."